घरी कळवलेलं मरण

एकनाथ बोधनकर मूळचे नागपूरचे, महाल भागातले. १९७१ साली ते मातीचं शास्त्र शिकायला नेब्रास्काला आले आणि शिक्षण संपल्यावर तिथल्याच रस्ते खात्यात लागले. रस्ता जिथून जायचा तिथे आधी जाऊन माती तपासायची, ती किती भार पेलेल ते लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. तीसेक वर्षं ते हेच करत होते. बायको सुमेधा १९८२ मध्ये गेली. मुलगी अनन्या तेव्हा तीन वर्षांची होती. एकनाथरावांनी दुसरं लग्न केलं नाही. कर्नी गावात एकट्याने पोरीला वाढवलं, शिकवलं. ती शिकागोला फिजिओथेरपिस्ट झाली. दर रविवारी फोन करायची.

सप्टेंबर २००४ मध्ये राज्याच्या पश्चिम टोकाला, नॉर्थ प्लॅट नदीच्या दक्षिणेला, एका जुन्या रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. खोदणाऱ्या यंत्राच्या दातांना हाडं लागली. मुकादमाला वाटलं गुरांची असतील. एकनाथरावांनी खाली उतरून पाहिलं. एक हाड त्यांनी हातात घेतलं, पुन्हा होतं तसं ठेवलं आणि यंत्र बंद करायला सांगितलं.

मुकादम त्यांना 'एक्' म्हणायचा. तो हळू आवाजात म्हणाला, "एक्, आता हे रिपोर्ट केलंस तर महिनाभर काम बंद. पुढे थंडी. पुन्हा माती टाकू ना वर. कुणाला काय कळणार आहे?"

"मला कळलंय," एकनाथराव म्हणाले आणि ट्रकमध्ये बसून त्यांनी फोन लावला.

राज्याच्या पुरातत्त्व विभागाची एक संशोधक आली. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. आठ दिवस ती ब्रशने माती झाडत बसली. एक चपटा चुनखडीचा दगड निघाला, त्यावर खिळ्याने कोरल्यासारखी अक्षरं होती: एल. हॅस्केल, इलिनॉय, १८५२. खाली एका तिशीच्या आतल्या बाईचा सांगाडा. तिच्या डाव्या हाताच्या आत अगदी लहान, पक्ष्याची वाटावीत अशी हाडं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची.

ही वाट दीडशे वर्षांपूर्वी पश्चिमेला ऑरेगॉनात वस्ती करायला जाणाऱ्या बैलगाड्यांची होती, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. त्या वर्षी या वाटेवर पटकीची साथ होती. माणूस सकाळी गाडीसोबत चालायचा आणि संध्याकाळपर्यंत मरून जायचा. हे एकनाथरावांनीही कुठेतरी वाचलेलं होतं. पण खड्ड्याच्या कडेला उभं राहिल्यावर त्यांचं लक्ष मातीकडे गेलं. हाडांवर जेमतेम दीड फूट माती होती, आणि ती आजूबाजूच्या मातीपेक्षा कितीतरी घट्ट. त्यांनी दाब मोजायची सळी टोचली. पुन्हा दुसरीकडे टोचली.

"ही नुसती भरलेली नाही," ते म्हणाले. "ही दाबलीय. जड चाकांनी. एकदा नाही, पुष्कळदा."

संशोधक बाईने मान हलवली. "मुद्दामच करायचे तसं. वाटेच्या मधोमध पुरायचं आणि वरून सगळा तांडा न्यायचा. म्हणजे लांडग्यांना वास लागू नये, उकरता येऊ नये." तिने बोटाने पायाच्या लांब हाडाकडे दाखवलं. त्यावर बारीक दातांच्या खुणा होत्या. "तरी इथे उकरलंच."

पेटीची फळी नाही, खिळे नाहीत. खांद्यापाशी गोधडीचे दोन-चार कुजके धागे तेवढे मिळाले.

हिवाळाभर ती संशोधक बाई दगडावरच्या नावाचा शोध घेत राहिली. ऑरेगॉनमधल्या एका जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात तिला जोसाया हॅस्केल नावाच्या माणसाने इलिनॉयमधल्या आपल्या मेहुण्याला लिहिलेल्या पत्राची टाइप केलेली प्रत सापडली. तिने एकनाथरावांनाही ती वाचायला पाठवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

जोसायाची शेती इलिनॉयमध्ये नदीकाठच्या सखल जमिनीवर होती. दर उन्हाळ्याअखेरीस घरात हिवताप. दोन मुलं त्यातच गेली. मका पिकायचा, पण त्याला भाव नव्हता. अशात पश्चिमेहून बातम्या येत होत्या. ऑरेगॉनला हिवताप नाही, बर्फ थोडं, आणि सरकार नवरा-बायकोला मिळून तीनशे वीस एकर जमीन फुकट देतं. त्यातली निम्मी बायकोच्या नावावर. एकट्या पुरुषाला मात्र निम्मीच. त्याच्या बायकोला, लुसिंडाला, जायचं नव्हतं. तिच्या भावानेही जोसायाला विचारलं होतं, दिवस राहिलेल्या बाईला घेऊन एवढा दोन हजार मैलांचा रस्ता कशाला धरतोस. त्याच भावाला हे पत्र होतं. त्यात लिहिलं होतं की लुसिंडा थोडक्या आजाराने, शांतपणे, माझा हात धरून गेली. तिला गाडीच्या फळ्यांच्या पेटीत, एका देवदाराखाली ठेवलं. प्रार्थना म्हटली. कबरीभोवती कुंपण केलं. बाळाचा उल्लेख पत्रात कुठेच नव्हता.

जोसायाची सहा वर्षांची मुलगी वाचली होती. तिची नात डोरिस, वय वर्षं ब्याऐंशी, पोर्टलंडजवळ राहत होती. नदीपासून थोड्या उंचावर नवी कबर करून लुसिंडाला पुरायचं ठरलं, तेव्हा डोरिस म्हणाली, मी येणार. मे २००५ मध्ये ती विमानाने डेन्व्हरला उतरली. तिला आणायला एकनाथराव स्वतः गेले. कुणी सांगितलं नव्हतं, पण गेले.

साडेतीन तासांचा रस्ता. डोरिस बारीक, ताठ बसणारी, हातात कातडी पाकीट. पहिला तासभर ती बोलत होती. जोसायाच्या पत्राची एक प्रत त्यांच्या घरीही होती, आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती मोठ्याने वाचायची पद्धत होती. आधी तिचे वडील वाचायचे, मग ती.

"तो देवदार अजून आहे का हो?" तिने विचारलं.

एकनाथरावांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

तिने मान त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाली, "तुम्ही माती वाचता, असं त्या संशोधक बाई म्हणाल्या. मग तुम्ही वाचलेलं मला सांगा. फुलं वाहायला मी एवढ्या लांब आलेली नाही."

पुढच्या विश्रांतीच्या थांब्यावर त्यांनी गाडी उभी केली आणि सगळं सांगितलं. दीड फूट माती. पेटी नाही. देवदार नाही, तिथे तेव्हाही झाड असण्याची शक्यता नव्हती. दातांच्या खुणा. बाळ. चाकं.

बाळाचं ऐकून तिने हातातलं पाकीट उघडलं आणि काही न काढता बंद केलं.

"आजी गाडीत होती," ती म्हणाली. "सहा वर्षांची. म्हणजे त्यांची गाडीसुद्धा वरून गेली असणार. आईवरून." ती समोरच्या काचेकडे बघत होती. "मी नऊ वर्षांची होईपर्यंत आजी आमच्या घरी होती. परसात भाजीसाठी जमीन खणलेली असली की ती त्या भुसभुशीत मातीवर कधी पाय द्यायची नाही. लांबून वळसा घालायची. आम्ही पोरं हसायचो तिला."

एकनाथरावांनी तिच्या बाजूची काच थोडी खाली केली.

"मेहुण्याने जाब विचारू नये म्हणून तसं लिहिलं असणार," डोरिस म्हणाली. "चार महिन्यांत जोसायाने दुसरं लग्न केलं होतं, ठाऊक आहे? जमिनीचा निम्मा हिस्सा जाऊ नये म्हणून. ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर कुणी बोलत नाही. पण या कबरीबद्दल त्याने खरं लिहिलं असेल, असं मी ब्याऐंशी वर्षांची होईपर्यंत धरून चालले."

तेव्हा एकनाथराव म्हणाले, "मीही असंच कळवलं होतं. माझ्या सासऱ्यांना."

तेवीस वर्षांत हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सुमेधा न्यूमोनियाने, हॉस्पिटलमध्ये, झोपेत गेली, मी जवळ होतो, असं त्यांनी नागपूरला लिहिलं होतं. लग्नाच्या वेळी सासरे म्हणाले होते, पोरीला एवढ्या लांब नेताय, तिथे तिचं कोण आहे? एकनाथराव तेव्हा हसले होते. खरं असं होतं की १९८२ च्या जानेवारीत सुमेधाला पन्नास किलोमीटरवरच्या गावात, लायब्ररीत अर्धवेळ कामाच्या मुलाखतीला जायचं होतं. आकाश भरलेलं होतं. जाऊ का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, जा, काही होत नाही. येताना हिमवादळात गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली. ती गाडीतून उतरून चालत निघाली. तिसऱ्या दिवशी ती एका कुंपणाला टेकलेली सापडली. तिथून एक घर तीनशे पावलांवर होतं.

डोरिसने सगळं ऐकून घेतलं. "तुमच्या मुलीला माहीत आहे?"

"नाही."

"मग तिच्या आधी मला सांगायला नको होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लुसिंडाला पुरलं. डोरिसच्या सांगण्यावरून पत्र वाचलं नाही. दगडावर नाव आणि वर्ष होतंच, त्याखाली तिने एवढंच जोडायला लावलं: आणि तिचं बाळ. मग ती परत गेली. नाताळला एक कार्ड आलं, पुढच्या वर्षी तेही आलं नाही.

जूनमध्ये अनन्या चार दिवस सुट्टीला घरी आली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून एकनाथरावांनी तिला सांगितलं. सांगताना त्यांनी काही गाळलं नाही, "जा, काही होत नाही" हेसुद्धा.

अनन्या पूर्ण ऐकेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "यू सेड यू वेअर होल्डिंग हर हँड."

"हो. म्हणालो होतो."

"मी पेशंट्सच्या फॅमिलीजना सांगते, बाबा. शेवटी हात धरून बसा, माझ्या आईला तसं मिळालं होतं. आय टेल देम दॅट." तिचा आवाज चढला नाही. "आजोबा गेले, आजी गेली. त्यांना आता कोण सांगणार?"

"कुणीच नाही."

ती त्याच दुपारी शिकागोला परत निघाली. चार रविवार फोन आला नाही. पाचव्या रविवारी आला तेव्हा तिने आई सापडली ती जागा कुठे आहे ते विचारलं.

ऑक्टोबरमध्ये दोघं तिथे गेले. कुंपण बदललेलं होतं, घर तेच होतं. दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. नवरा वारला होता, शेत भाड्याने दिलेलं. अनन्याने कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. बाईने त्यांना आत बसवलं, कॉफी केली, आणि कप समोर ठेवल्यावर स्वतः उभीच राहिली.

"आम्ही घरात होतो त्या दिवशी," ती म्हणाली. "वीज गेली होती, अंगणातला दिवा बंद. कुत्रा सारखा भुंकत होता, दाराशी जात होता. नवरा म्हणाला, वाऱ्याला भुंकतोय. मी म्हटलं, बघून येतोस का. तो म्हणाला, या हवेत कोण असणार." तिने एप्रनला हात पुसले. "पोलीस आले तेव्हा आम्ही कुत्र्याचं सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही."

एकनाथरावांनी कप खाली ठेवला. इतकी वर्षं ते समजत होते की कुणाला काही कळलंच नव्हतं, कळलं असतं तर ती वाचली असती. आता हेही खरं राहिलं नव्हतं. अनन्या उठली, त्या बाईला थँक यू म्हणाली आणि बाहेर जाऊन गाडीत बसली.

नागपूरला सुमेधाची बहीण होती, सुवर्णामावशी. अनन्याने तिला सगळं लिहून कळवलं. मावशीचं उत्तर अनन्याला आलं, लांबलचक, आईच्या लहानपणाबद्दल. एकनाथरावांबद्दल त्यात एक ओळ नव्हती. त्यांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा भाच्याने उचलला आणि मावशी झोपलीय म्हणाला, एकदा तर तिथे सकाळचे अकरा वाजले होते.

२००६ मध्ये ते निवृत्त झाले. कर्नीतच राहिले. तिथे सुमेधाचं काही उरलेलं नव्हतं, राख तेव्हाच गोदावरीत गेली होती. तरी ते गाव सोडवेना. अनन्या वर्षातून दोनदा यायची. पूर्वीसारखं मोकळं बोलणं राहिलं नव्हतं. पण प्रत्येक वेळी ती आईबद्दल एखादी गोष्ट विचारायची, आणि ते होतं तसं उत्तर द्यायचे. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचे.

२००८ च्या थँक्सगिव्हिंगला भांडी विसळता विसळता तिने विचारलं, "ती सापडली तेव्हा पायात काय होतं?"

"एकच बूट," एकनाथराव म्हणाले. "डाव्या पायातला. दुसरा मिळाला नाही."

अनन्याने मान हलवली, ताट पुसून जागेवर ठेवलं आणि पुढचं उचललं.