ओपोका आणि चुनखड

दोनशे फूट झाले, तरी बोअरमधून नुसती राखाडी धूळ उडत होती. ऑपरेटरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं रिग बंद केलं.

जागा मी दाखवली होती. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, वर दुष्काळ, आणि मी भूजल खात्यातला नवा जिऑलॉजिस्ट. अहमदपूरजवळच्या या गावात चार दिवस टँकर आला नव्हता. रिग दुसऱ्या सकाळी मुखेडला जाणार होतं. रिकाम्या घागरी घेऊन बाया जीपसमोर येऊन बसल्या.

"पाणी लागल्याबिगर गाडी हलू देणार न्हाई," त्यातली एक म्हणाली.

तेवढ्यात माझे सीनियर कुलकर्णी साहेब नांदेडहून पोचले. शिवलिंगआप्पा नावाचे वयस्क शेतकरी पुढे झाले.

"साहेब, आमच्या चुनखडात बघा की. वढ्याच्या अंगाला हाय."

"सर, तिथं रीडिंग बरं नाही," मी घाईनं म्हणालो. जमिनीत वीज सोडून पाण्याचा अंदाज घेतात, ते रीडिंग.

साहेबांनी आप्पांनाच विचारलं, "चुनखड हे शेताचं नाव?"

"हाव. माझ्या आज्याच्याही आधीपासनं."

साहेब ट्रेनिंगला पोलंडमध्ये राहिले होते. मला म्हणाले, "तिकडं चुना भरपूर असलेल्या एका खडकाला ओपोका म्हणतात. त्या नावाची गावंही आहेत, म्हणजे नाव जमिनीवरून पडतं. इथं तर सगळा काळा पाषाण. मग या एकाच शेतात एवढा चुना का? पाणी उथळ असलं की उन्हानं वर ओढलं जातं. ते उडून जातं, चुना मागं राहतो. दुष्काळानं ते आता खाली गेलं असेल, पण असेल तिथंच."

"पण सर, दुसऱ्या बोअरची मंजुरी नाही."

"मी सही करतो. कोरडं गेलं तर मी बघतो."

चुनखडात नव्वद फुटांवर बिट, म्हणजे खडक फोडणारं टोक, अडकलं. ते सुटेपर्यंत अर्धा तास गेला. एकशे तीस फुटांवर धूळ ओली झाली, मग चिखल आला आणि पाठोपाठ पाण्याचा फवारा उडाला. तिथंही येऊन बसलेल्या बाया उठल्या. आप्पांनी ओंजळ भरून चव घेतली.

"गोड हाय," ते म्हणाले.

पहिल्या बोअरचा रिपोर्ट साहेबांनी मलाच लिहायला लावला. अपयशाचं कारण म्हणून मी 'खडक जलधारक नाही' असं लिहिलं. त्यांनी ते खोडलं आणि त्यावर लिहिलं, 'गावकऱ्यांना विचारले नाही.'