आक्कांच्या चुलीचा धूर का परतला
१. आज सकाळी आमच्या घरमालकीण आक्कांच्या निर्धूर चुलीचा धूर खोलीतच परतला.
२. लाकडं कोरडी होती, धुराडंही साफ होतं.
३. धुराड्याकडे जाणाऱ्या भोकात मूठ जायला हवी. जेमतेम दोन बोटं गेली.

मैत्रिणींनो, रोजच्या सारवणाचे थर चढून ते भोक बुजलं होतं! आक्कांचे यजमान पहार घेऊन चूल फोडायला उभे होते. मी थर खरवडू लागले, तशा आक्का चिडल्या, "रोज सारवते, ह्यो बी गुन्हा व्हय?"

भोकात मूठ जाऊ लागल्यावर चूल पुन्हा पेटवली. धूर सरळ छपराबाहेर! कारखान्यात रोज मापं तपासते, पण एवढा आनंद कधी झाला नव्हता.

"आता रडाया कांदा लागंल," आक्का म्हणाल्या. यजमानांनी पहार कोपऱ्यात ठेवली.

तुमची चूल धूर परतवत असेल, तर फोडू नका. महिला मंडळाच्या या फळ्यावर बुधवारपर्यंत नाव लिहा. गुरुवारी मला सुट्टी असते.