प्रयोगाचं पाणी

चार मास्तर एकत्र बसले की किस्से निघतातच. त्यात विज्ञानाच्या मास्तराकडे ते जरा जास्तच साठतात, कारण बाकीच्यांच्या विषयात काही फुटत नाही, सांडत नाही! आज हसू येतं. तेव्हा मात्र माझी नोकरी टांगणीला लागलेली होती.

मी भोकरचा. मुरुडजवळच्या एका हायस्कूलात नवा लागलेलो. घरातली पहिलीच नोकरी, तीही प्रोबेशनवर. लातूर नुकताच जिल्हा झालेला. शिक्षण खात्याचं ऑफिस नवं, साहेब नवे, कुणाचा स्वभाव कुणाला ठाऊक नाही. ते तपासणीला येणार आणि त्यांच्या शेऱ्यावर मी कायम होणार की पेटी उचलून घरी जाणार, हे ठरणार होतं. त्यातच दुष्काळ. आणि माझी खोड अशी, की पोरांना उत्तर सांगायचं नाही. करून बघा, आपसांत भांडा, मग मला पटवून द्या!

हेडमास्तर बिराजदार सर मायाळू, पण भलतेच घाबरट. मला बाजूला घेऊन म्हणायचे, "कांबळे सर, पोरांना प्रश्न विचारायला शिकवायलात तुम्ही. बोर्डात मार्क उत्तराला हायेत हो!"

*

शाळेची टाकी कोरडी. म्हणून नववीच्या मुलांना घरून तांब्या-तांब्या पाणी आणायला सांगितलं. दगड बुडवून त्याचं आकारमान काढायचं होतं. तास संपतो न संपतो तोच वर्गातल्या शोभाची आई दारात!

"गुर्जी, झाला का प्रयोग? मग आमचं पाणी वापस द्या."

"मावशी, त्यात दगड बुडवलाय."

"मग काय झालं? धुऊन घेतला व्हता ना?"

"धुवायला पाणी कुठून आणू?"

ती तांब्या उचलून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. म्हशीला चालंल. तिला इग्यान न्हाई कळत!"

*

दुसऱ्या वेळी मी हुशारी केली. पाण्याऐवजी ज्वारी. दगड ज्वारीत पुरायचा, पातळी किती वर चढली ते बघायचं. एका गटाने भांडं हलवून ज्वारी बसवली, दुसऱ्याने तशीच ठेवली. दगड तोच, आकारमान निराळं! झालं, जुंपली. दाण्यांमधली पोकळी कुणी मोजायची, यावर वर्ग डोक्यावर घेतला. मला तर हेच हवं होतं.

गलका ऐकून बिराजदार सर धावत आले. "काय चाललंय?"

"सर, दोन उत्तरं आलीत!" पोरं ओरडली.

"दोन?" सरांनी कपाळाचा घाम पुसला. "अरे, एक खोडा की लवकर! साहेब कवाबी येतील!"

*

तरफ शिकवली त्या आठवड्यात शोभा साखर आणायला मन्मथआप्पांच्या दुकानात गेली. आप्पा शाळेच्या कमिटीवर. भर बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकांची गर्दी, आणि ही म्हणाली, "आप्पा, माप इकडं अन् साखर तिकडं ठेवा बरं. काट्याच्या दोन्ही दांड्या सारख्या हायेत का बघायचं हाय."

हे माझ्या कानावर आलं. कमिटीवरचा माणूस! आता साहेबांची वाट बघायचीही गरज नाही, असं वाटलं.

संध्याकाळी आप्पा शाळेत हजर. मी उभा राहिलो.

"गुर्जी, पारडी बदलली," आप्पा म्हणाले, "तर साखरेचं पारडं दणकन खाली! किती वर्सं मी लोकायला जास्तीच द्यायलोय!" मग खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ती पोरगी दिवाळीच्या सुट्टीत मोकळी हाय का?"

*

शेवटी साहेब आलेच. भर उन्हात, जीपमधून, धुळीने माखून. थेट माझ्या वर्गात शिरले. बिराजदार सरांनी घरून आणलेला पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. शाळेत तेवढंच पाणी होतं.

"पाणी किती अंशाला उकळतं?" साहेबांनी विचारलं.

सोपा प्रश्न. बिराजदार सरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण एकही हात वर होईना! आदल्याच आठवड्यात आम्ही ते उकळून पाहिलं होतं. पारा शंभराच्या अलीकडेच अडत होता. आपला मुलूख समुद्रापासून उंचावर, इथं हवेचा दाब कमी, एवढंच मी सांगितलं होतं. पुढचं त्यांचं त्यांनी ठरवलेलं.

शोभा उभी राहिली. "पुस्तकात शंभर हाय, साहेब. हितं अठ्ठ्याण्णव."

"शंभर म्हण गं, शंभर!" बिराजदार सर कळवळून म्हणाले.

"म्हणते की, सर. पण हितं अठ्ठ्याण्णवच हाय."

साहेब माझ्याकडं वळले. "हे तुम्ही शिकवलंत?"

गेली नोकरी, असंच वाटलं. "नाही साहेब. त्यांनी बघितलं."

"मग मलाही दाखवा."

स्टोव्ह पेटला. बीकर मांडला. पाणी? सगळ्यांची नजर त्या ग्लासावर गेली. साहेबांनी अजून एक घोटही घेतला नव्हता. त्यांनी ग्लास उचलला, क्षणभर धरला आणि बीकरमध्ये ओतला.

पाणी खदखदायला लागलं. साहेब चष्मा लावून वाकले. बराच वेळ वाकलेलेच.

"हेडमास्तर," ते तसेच वाकून म्हणाले, "अजून एक ग्लास पाणी मागवा."

"हाव साहेब! घरच्या माठातलं थंडगार आणतो!"

"कसंही चालेल. हे आटत आलंय. दुसरा थर्मामीटर लावून बघू."