मुर्धा ते कराची, मिशी ठेवून

जुहूच्या विमानतळावर माणसाला आधी तोलतात, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या मिठागरावर गोणी तोलायचा काटा असतो तसाच काटा, फक्त रंग दिलेला. मी चढलो, साहेबाने वजन लिहून घेतलं. मग मी कोटाच्या आतल्या खिशातून जपून आणलेला कागद काढला. त्यावर माझा फोटो, खाली शेजारच्या मोरवा गावच्या पाटलांची सही, बाजूला मामलेदार कचेरीचा शिक्का. साहेबाने तो हातातही घेतला नाही. "आगे चलो," एवढंच म्हणाला.

त्या कागदाच्या नावावर मी जे केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी खाडीकाठच्या मुर्ध्याचा, मिठागरावर कारकून. थोरला भाऊ, आमचा दादा, कराचीच्या गोदीत कामाला. कराची तेव्हा आपल्याच देशात होती. आई अंथरुणाला खिळली आणि दादाच्या नावाने हाका मारू लागली. पत्राने हलणारा तो माणूस नव्हे. समोर जाऊन उभं राहावं लागे. मिठागराच्या मालकांनी मला विमानाचं तिकीट काढून दिलं. लढाई नुकतीच संपलेली, तिचे कायदेकानू अजून चालूच होते. तिकिटाच्या खिडकीवरचा बाबू म्हणाला, "फोटोवाला कागद आणा, पाटलांच्या सहीचा. आणि दाढीमिशी फोटोत असेल तशीच ठेवा. बदल झालाच, तर पाटलांकडून दोन शब्द लिहून घ्या. चालेल."

हे शेवटचं बोलणं लक्षात ठेवा.

फोटो बोरिवलीत काढला. कोट उसना, मिशीला खोबरेल लावून पीळ दिलेला. फोटोवाला काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "हसू नका राव, पण मढ्यासारखेही बसू नका." तो कागद मी रोज उघडून बघत असे. इतका रुबाबदार मी आरशात कधी दिसलो नव्हतो.

विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी आई गेली.

दादा नाही, म्हणून अग्नी मी दिला. खाडीकाठी गावचे न्हावी धर्मादादा वस्तरा घेऊन बसले होते. आमच्यात अग्नी देणाऱ्याने तिथंच डोक्याचे केस आणि मिशी उतरवायची.

"बस गणू. मान खाली घाल."

मी उभाच राहिलो. "फोटोत मिशी हाय. काढली तर इमानात घेनार न्हाईत. सरकारी नियम हाय."

"आयस (आई) काय रोज रोज मरतं का रं?" आमचे काका म्हणाले.

"मंग दादाला दहाव्याला आनाचा का न्हाय?"

धर्मादादांनी वस्तरा कोरडाच पुसून ठेवून दिला. मोरव्याचे पाटील चार हातांवर उभे होते. दोन शब्द मागितले असते तर त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिले असते. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. खरं सांगायचं तर मला बोडक्या डोक्याने विमानात बसायची लाज वाटत होती.

विमानात कानात घालायला कापूस देतात आणि चघळायला गोळी. खाडी ओलांडताना मी खिडकीला नाक लावलं. आमची मिठागरं! वर्षानुवर्षं त्यांच्या बांधांवरून चाललो, पण ती इतकी चौकोनी असतील असं वाटलं नव्हतं. एका कडेला, खाडीकाठी, जळका काळा ठिपका होता. तो काय आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

खोक्यातून पाव आणि उकडलेलं अंडं आलं. सुतकात ते कसं खाणार? शेजारच्या सिंधी शेठजींकडे सरकवलं. ते खूश होऊन म्हणाले, "डर लगता है? पहली बार किसीसे खाया नहीं जाता." मी मान डोलावली. भुजला विमान तेल घ्यायला उतरलं, तिथल्या वाऱ्याने तोंडात रेती गेली. कराचीत उंट गाड्या ओढतात, आणि पोलिसाने हात केला की बैलाहून शहाण्यासारखे थांबतात. गोदीपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत गेलो.

दादा त्याच्या खोलीच्या दारातच भेटला. मला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्याची नजर माझ्या केसांवर गेली, मिशीवर आली, आणि तो मोठ्याने हसला.

"तुला बगून काळजात धस झाला रं! मंग मिशी बगली. आयस बरी हाय नं?"

मी दाराजवळचा पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्याने आत हाक मारली, "अगं, गणू आलाय, सुरमई आन."

मी तांब्या खाली ठेवला. "दादा, इकडं न्हावी कुठं बसतो?"

दादा हळूहळू उंबऱ्यावर बसला. आतून वहिनीने विचारलं, "कालवन तिखट करू का?"

दुसऱ्या दिवशी दोघं परत निघालो, दोघांची डोकी आणि ओठ गुळगुळीत. कराचीच्या बाबूने मात्र कागद हातात घेतला, फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला. "ये आप नहीं हैं."

सकाळपासून माझ्याशी एक शब्द न बोललेला दादा पुढे झाला. गोदीचा पास टेबलावर ठेवून म्हणाला, "मेरा भाई है." बाबूने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि सोडलं.

विमान वर गेल्यावर दादा म्हणाला, "मी येक शबुद बोललो, त्यानं सोडला. मंग तो मिशीचा नियम?"

"मुंबईला कडक हाय," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. मिठागरं दिसू लागली तेव्हा विचारलं, "आयस कंच्या बाजूला?" मी बोट दाखवलं. काळा ठिपका आता भरतीच्या पाण्याने धुऊन गेला होता, तरी दादा जुहू येईपर्यंत मान वळवून तिकडेच बघत होता.

दहावा वेळेवर झाला. दादा आता मुर्ध्यातच असतो, कराची परक्या देशात गेली. विमानाची गोष्ट निघाली की तो लोकांना अजून सांगतो, माझा भाऊ नियमाला बांधलेला होता म्हणून. मी शेजारी बसून ऐकतो. त्याला वाचता येत नाही. हे छापून आलं की मीच त्याला वाचून दाखवणार आहे.