सातपूरहून भौतिकशास्त्र विभागातल्या लेथपर्यंत

मृणालने पीएचडीच्या मुलाखतीचं पत्र माझ्यापुढे धरलं आणि बजावलं, "बाबा, तुम्ही फक्त गाडी चालवायची. तिथे बोलायचं नाही." दहावीनंतर नाशिकजवळ सातपूरच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, आज धातू कातायच्या स्वतःच्या चार लेथ आहेत, आणि हे सगळं बोलूनच झालंय. तरी कबूल झालो.

पुण्याकडे जायचं तर नाशिक पहाटेच सोडा. संगमनेरला पोहे-चहा उरका आणि चाकण मागे पडेपर्यंत थांबू नका. आठनंतर कंपन्यांच्या बसगाड्या पुढे सरकू देत नाहीत. आमचं विद्यापीठ पुण्याच्याही पुढे. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते एकाच ठिकाणचं असेल असं मला वाटत नाही. गेस्ट हाऊसची खोली स्वच्छ, पण कुलूप आपलं न्या. गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. कॅन्टीनची मटकीची उसळ झकास, पोळ्या मात्र चामडं.

दुसऱ्या दिवशी अकराला मुलाखत. तोवर मी विभागात हिंडलो. भिंतीवर प्राध्यापकांच्या फोटोंची रांग, त्यात साडी एकच. लेथचा आवाज आला तसे पाय तिकडे वळले. मशीन शॉपच्या दारावर पाटी: 'विद्यार्थिनींनी यंत्रावर काम करू नये. कारागिरामार्फत करून घ्यावे.'

बाहेर बाकावर एक मुलगी ड्रॉइंग घेऊन बसली होती. सुनंदा, आपल्या नाशिककडच्या हरसूलची. पीएचडीचं तिसरं वर्ष.

"पितळेच्या तबकडीला सहा भोकं पाडायचीत, काका. तीन आठवडे झाले, नंबरच लागत नाय. कारागीर एकच. पोरं आत जाऊन आपापलं उरकतात."

"पण कारण काय सांगतात?"

"ओढणी अडकेल म्हणे. मी तर जीन्स घालून येते." मी हसलो. ती नाही हसली. "मग त्यांचे पेपर आधी निघतात. आणि सर म्हणतात, मुलींना प्रयोग जमत नाय, थिअरी द्या." मग तिने विचारलं, "तुमच्या शॉपमध्ये बायका किती, काका?"

"सहा. पॅकिंगला."

"लेथवर किती, ते विचारलं मी."

लेथवर एकही नव्हती. मृणालला सुट्टीत मीच लेथ शिकवली. त्या सहाजणींना शिकवावं हे कधी डोक्यातच आलं नाही.

मृणाल आत जाण्याआधी तिला पाटीचं आणि सुनंदाचं सगळं सांगितलं. मुलाखतीच्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि माझे कान तिखट.

"मार्क उत्तम," विभागप्रमुख म्हणाले, "पण व्हॅक्यूमचे प्रयोग म्हणजे उपकरणं घडवायला मशीन शॉप आलं. तुम्ही कम्प्युटरवरचा विषय घ्या."

"सर, मला लेथ येते. वडिलांचं वर्कशॉप आहे."

"असं? मग तुमच्यापुरती सूट देऊ."

जागा हातात आली होती. 'घे!' असं ओरडणार होतो, कसाबसा गप्प राहिलो.

"सूट नको, सर. चाचणी घ्या. मुलांची, मुलींची, सगळ्यांची. पास होईल तो आत."

"नियम उमेदवार ठरवत नाहीत."

"मग हा नियम मला कारणासकट लेखी द्या."

त्यांनी फाइल मिटली. मग, "कळवतो."

परतताना नारायणगावला चहा घेताना मी म्हणालो, "घ्यायची ना सूट! दोन वर्षं अभ्यास केलास."

"सुनंदाताईच्या समोरून एकटी आत जाऊ?"

सिन्नरपर्यंत मी गाडीच चालवली.

महिनाभराने पत्र आलं. प्रवेश मिळाला, प्रयोगाच्याच विषयात. विभागप्रमुखांनी तिला आपल्या हाताखाली घेतलं नाही; त्या फोटोतल्या मॅडमनी घेतलं. पाटी निघाली, सगळ्यांना चाचणी लागू झाली, कारण सुनंदाने विभागातल्या सगळ्या मुलींच्या सह्यांचा अर्ज दिला होता. पहिल्या चाचणीत दोन मुलगे नापास झाले. चकची, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्याची, चावी त्यातच ठेवून मशीन सुरू करायला निघाले होते; ती गोळीसारखी उडते. उसळ खायला का होईना, एकदा एखाद्या विद्यापीठात जाऊन या, आणि जाल तिथे मशीन शॉपच्या दाराकडे नजर टाका.

त्या पत्रासाठी मात्र मी थांबलो नव्हतो. परतल्यावर पहिल्याच सोमवारी पॅकिंगमध्ये विचारलं, लेथ कोणाला शिकायची? रेखाताईंनी हातातली टेप खाली ठेवली. फोरमन माझ्या कानाशी आला. "शेठ, बायामाणसांचं काम नाही हे. काही झालं तर?"

"म्हणून तर चाचणी घ्यायची," मी म्हणालो. "सगळ्यांची. चल, आधी तुझी."