हात मोकळा ठेवा

एका माणसाची मूठ मी लिहिलेल्या चिठ्ठीमुळे गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, कामावर तर नाहीच.

माझं काम हात मोजण्याचं. सोमाटण्याजवळ एका केंद्रात मी व्यवसायोपचार करतो. मानेच्या मणक्याला मार लागलेल्या माणसाचा हात किती चालतो, हे टेबलावर वस्तू मांडून बघायचं. लाकडी खुंटी, डबा, काटा, पेला. एकेक वस्तू उचलायची, पुढच्या खोक्यात टाकायची, तीस सेकंदांत किती वेळा जमतं ते घड्याळ लावून मोजायचं. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण त्यांची चूक दुरुस्तही करत नाही.

तो बेडशाच्या बाजूचा बांगडीवाला. चाळिशीचा. जत्रेहून परतताना बांगड्यांची पेटी पिकअपच्या टपावर चढवत होता, तोल गेला आणि मानेवर पडला. पाय गेले, बोटं गेली. खांदे, कोपर वाकवणं आणि मनगट वर उचलणं तेवढं उरलं.

मनगट उरलं म्हणजे पुष्कळ उरलं. बोटं मेलेली असली तरी मनगट वर उचललं की आतल्या दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटं आपोआप मिटतात. मनगट खाली सोडलं की उघडतात. त्यावर माणूस पेला धरू शकतो. मात्र त्या दोऱ्या जरा आखूडच राहाव्या लागतात. मनगट वर असताना बोटं कधी सरळ ताणायची नाहीत, हा आमच्या कामातला पहिला धडा.

पहिल्या मोजणीत त्यानं पेला उचलला. पाण्याचा, अर्धा भरलेला. बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आता हा एकटा पाणी पिला म्हंजे मी बाजाराला जाईन. पवनानगर, कामशेत. दोन वाजेपर्यंत परत." एवढंच त्यांना हवं होतं. मूठ राहिली तर ती बाजारात बसून बांगड्या भरू शकणार होती, आणि तो चार-पाच तास कुणाची वाट न बघता तहान भागवू शकणार होता.

घरी सोडायचा दिवस शनिवार होता. मी लोणावळ्याला राहतो. शनिवारी दुपारनंतर तिकडचा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबतो, म्हणून मला लवकर निघायचं होतं. बोटांचा धडा तिला करून दाखवायला वीस मिनिटं लागली असती. मी चिठ्ठी लिहिली. खांदा, कोपर आखडू नये एवढंच माझ्या मनात होतं. लिहिलं, 'हात मोकळा ठेवा. रोज.'

तिनं ती वाचली आणि हसली. "हे तर आमचंच काम, भाऊ."

ते हसणं मला तेव्हा कळायला हवं होतं. बांगडी भरणारीच्या तोंडी दिवसभर एकच बोलणं असतं, हात मोकळा सोड गं. मग ती तेल लावते, बोटं एकेक करून ओढते, सांधे दाबते, पंजा मऊ करून करून बांगडी सरकवते. ते तिचं कसब. हात मोकळा म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. फक्त ते माझ्या अर्थाचं नव्हतं.

तीन महिन्यांनी ती दोघं परत आली. तिनं त्याचा पंजा माझ्यासमोर ठेवला. "बघा, लोणी केलंय लोणी. सकाळ-संध्याकाळ."

तो म्हणाला, "आख्ख्या मावळाचे हात हिनं मऊ केले, माझाच राहिला व्हता. आता मला बी डझनभर भरून टाका."

पंजा खरंच सुंदर मऊ झाला होता. मी खुंटी ठेवली, घड्याळ दाबलं. त्यानं मनगट उचललं. बोटं सरळच राहिली; रोजच्या ओढण्यानं आतल्या दोऱ्या सैल पडल्या होत्या. पुन्हा उचललं. खुंटी बोटांना लागून गडगडली. तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं, खुंटीकडे नाही. तीस सेकंद संपल्यावर मी घड्याळ थांबवलं. नंतर पेला ठेवायचा असतो. तो मी ठेवलाच नाही.

फॉर्मवर शून्य लिहिलं. शेरा लिहायच्या रकान्यात 'दुखापतीच्या स्वरूपामुळे' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

मग बोटं मिटवून पट्ट्या बांधल्या, कधी कधी ताणलेलं परत येतं म्हणून. त्याचं आलं नाही. पुढच्या मोजणीत शून्य, त्याच्या पुढच्यातही शून्य. मी दर वेळी खुंट्या मांडत होतो आणि दर वेळी मला आधीच ठाऊक होतं.

तिनं एकदा व्हरांड्यात मला थांबवलं. "भाऊ, एक विचारू? मधी भावाचं लगीन व्हतं. चार दिस मी माहेरी गेलते. तेव्हा चोळणं झालं न्हाई. त्यानं गेली का मूठ?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. मणक्याचं असंच असतं."

"खरं ना?"

"खरं."

तिचा विश्वास बसला नाही, हे दिसत होतं. चार दिवस कमी पडले म्हणून गेली, असंच ती धरून बसली.  खरं सांगितलं तर तिच्याच हातांनी झालं हे तिला कळेल, मग तिला काय वाटेल, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ते सोयीचं होतं. तिच्या हातांना काय करायचं ते मी सांगितलं होतं, आणि कागदावर माझी सही होती.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी गेलो होतो. ती आता बाजाराला जात नाही. गल्लीतल्या बायका दारात येतात तेवढ्याच. चहा झाल्यावर तिनं पेला त्याच्या ओठाला लावला, मधे मधे थांबत, त्याला घोट गिळायला वेळ देत. तो म्हणाला, "डॉक्टरला बिस्किट दे की." आणि ती उठता उठता मला म्हणाली, "ते चार दिस मला अजून खातात, भाऊ."

मी बिस्किट खाल्लं आणि निघालो.

ते चार दिवस तिचे नाहीत. मूठ माझ्या चिठ्ठीनं गेली, आणि फॉर्मवरचा शेरा खोटा आहे. हे त्या दोघांना त्यांच्या दारात बसून सांगणं माझ्याकडून बाकी आहे.