ओरिजनल, हात नाई लावाचा

भाऊ गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही, ती फोनवर येऊन पडली. सावली गावातल्या आमच्या शूटिंगच्या दुकानात मी एका लग्नाचं एडिटिंग करत बसले होते. ग्रुपवर व्हिडिओ आला, त्याखाली ओळ होती : 'रील काढाले गेला न वाघाले सापडला.' पिकलेलं धान, बांधाच्या धुऱ्यावरून आत शिरणारा एक माणूस, त्याच्या हातात काहीतरी काळं. मग धानातूनच एक पिवळा लोळ उठतो, माणसाच्या मानेवर पडतो आणि पुढे नुसते चौकोन... लाल, काळे, पिवळे, एकमेकांत घुसलेले. त्या चौकोनांत माझा थोरला भाऊ मिलिंद होता. निळ्या शर्टावरून ओळखलं. सकाळी तो मीच इस्त्री करून दिला होता.

हे चौकोन म्हणजे काय, हे मला त्यानेच शिकवलं होतं. एवढं मोठं लग्न एवढ्याशा कार्डात मावतं कसं, असं मी सुरुवातीला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "दाबून भरते. मंडप तोच, खुर्च्या त्याच, अन् नवरदेव तर दगडावानी बसला हाये. त्याले पुन्हा पुन्हा काऊन लिवाचं? एक डाव पुरा फोटो ठेवाचा, मंग जे हललं तेवढंच लिवाचं." चित्राचे चौकोन पाडायचे, ज्यात बदल नाही तिथे 'मागचंच ठेव' म्हणून पुढे जायचं, डोळ्याला सहज न कळणारे रंगांचे बारीक फरक सोडून द्यायचे. तसं केलं नाही तर एकेका लग्नाला कपाटभर डिस्का लागतील आणि आमच्याकडच्या रेंजवर मिनिटभराचा व्हिडिओसुद्धा शेजारच्या गावात पोचणार नाही. तेव्हा दाबणं वाईट नाही, त्याच्यावरच आमचं पोट. पण ग्रुपवर टाकताना फोन आणखी दाबतो, स्टेटसवरून उतरवून पुन्हा टाकलं की आणखी, आणि दरवेळी काहीतरी कायमचं जातं. मिलिंदभाऊ याच्यावर चिडायचा. प्रत्येक कामाची मूळ फाइल तो एका काळ्या डिस्कवर ठेवायचा आणि तिच्यावर पट्टी चिकटवून त्याने लिहिलं होतं, 'ओरिजनल, हात नाई लावाचा.' मी त्याला चिडवायचे, एवढं तर तू बायकोलाही जपत नाहीस. वहिनी आतून "बराबर हाये" म्हणायची.

त्या दिवशी तो वैनगंगेकडच्या एका गावात साखरपुड्याचं काम ठरवायला गेला होता. रस्त्यालगतच्या बांधीत बायका वाकून धान कापत होत्या. त्यांच्यातल्या कौसाबाईला वाघाने खाली घेतलं. बाकीच्या किंचाळत रस्त्याकडे धावल्या, माणसं डबे बडवत, दगड भिरकावत ओरडायला लागली. आत गेला तो एकटा मिलिंदभाऊ. वाघ हटेपर्यंत दोघंही संपले होते. मान अर्धी तुटलेली, खांद्याचं हाड उघडं. आम्ही मायला फक्त चेहरा दाखवला, बाकी चादरीखाली ठेवलं.

पण वाघाने एकदा मारलं, लोकांनी रोज मारलं. कौसाबाई आधीच मेली होती म्हणे, हा मेलेल्या बाईचा व्हिडिओ काढायला गेला. चहाच्या टपरीवर एक जण तोच व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवत होता, "हे पाय, फोन हातात." मी त्याच्या कानाखाली ओढली, फोन हिसकावला आणि रस्त्यावर आपटला. लोकांनी मला धरलं, नाहीतर दगड घेऊन पुढे काय केलं असतं, मलाच माहीत नाही. अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटलं ते घरी आल्यावर. माय भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "सुनीता, खरंच काय वं? मेलेल्या बाईचा व्हिडिओ काढाले गेला तो?"

मिलिंदभाऊ ज्याला त्याला सांगायचा तेच मला आठवलं. फॉरवर्डवर भांडू नको, ओरिजनल माग. विचारत विचारत त्या गावात गेले. व्हिडिओ पायल नावाच्या कॉलेजातल्या मुलीने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून काढला होता. ती माझ्याकडे बघूनच रडायला लागली. "ताई, मी त मदतीसाठी टाकला होता. रीलचं मी नाई लिवलं." मी तिच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून घेतली, म्हणजे फोन ती दाबत नाही.

दुकानाचं शटर ओढून मी ती मोठ्या पडद्यावर लावली. पिवळ्या धानात पिवळं लुगडं. फॉरवर्डमध्ये तिथे सपाट धान होतं. इथे त्यातून एक हात वर आला होता, आणि बोटं हलत होती. एवढीशी हालचाल, तीही पिवळ्यावर पिवळी, म्हणून फोनने तिथे 'मागचंच ठेव' म्हटलं आणि जिवंत बाईला मेलेली करून गावोगाव पाठवलं. मिलिंदभाऊने तो हात पाहिला होता. त्याच्या हातात फोन नव्हता, धुऱ्यावर कुणीतरी टाकून पळालेला विळा होता.

गावातल्या सगळ्यांना मी ते दाखवलं. टपरीवरच्या त्या माणसालाही. मायला दाखवायचा धीर होत नव्हता, तीच दुकानात आली आणि मिलिंदभाऊच्या स्टुलावर बसली. पाहून झाल्यावर म्हणाली, "माह्या फोनमंधी दे." तिच्या फोनमध्ये तेवढी जागा नव्हती. मी म्हटलं, थोडा दाबून देते, मग मावेल.

"नाई," ती एवढ्या जोरात म्हणाली की रस्त्यावरची माणसं वळली. "दाबू नको. लय दाबलं त्याले."

म्हणून ती फाइल त्याच काळ्या डिस्कवर आहे, त्याच्या अक्षरातल्या पट्टीखाली. माय अधूनमधून येते, स्टुलावर बसते आणि म्हणते, लाव. मिलिंदभाऊ विळा घेऊन धानात शिरतो, समोर कौसाबाईचा हात वर असतो. वाघ अजून उठलेला नसतो. तिथे माय माझं मनगट धरते.

"बस," म्हणते. "इथीच राहू दे त्याले."